पाच हजारांखालची सायकल

भाचीची सायकल गेली ती लातूरच्या ट्यूशन एरियातून, भरदिवसा. चार ते साडेपाच केमिस्ट्रीची बॅच. बाहेर आली तर तिनं जिथं सायकल लावली होती तिथं दुसऱ्याच कुणाची तरी उभी. मागच्या चाकाचं कुलूप लावलेलं होतं, किल्ली तिच्या कंपासपेटीत होती. कुणी मागचं चाक उचलून ढकलत नेली की टेम्पोत टाकली, कुणालाच पत्ता नाही. शे-दीडशे सायकली तिथं एकमेकींना टेकून उभ्या असतात. कोण स्वतःची ओढतोय आणि कोण दुसऱ्याची, हे बघायला कुणाला सवड आहे?

रात्री पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, पुढच्या सायकलीला ट्रॅकर लावा. सीटखाली दडवायचा, कुणाला कळतही नाही. सायकल कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं." पुढच्या आठवडाभरात हाच सल्ला मला आणखी तिघांनी दिला. सल्ला देणारी माणसं जिव्हाळ्याची आहेत, शिकलेली आहेत. पण मी या यंत्राच्या मागे लागलो, ते वापरून बघितलं, पोलीस ठाण्यात जाऊन आलो, कायद्याचं कलम स्वतः वाचलं, आणि माझं मत असं झालं की आपण चुकीच्या जागी इलाज शोधतोय. मराठवाड्यातल्या पोरापोरींच्या सायकलीचं दुखणं सीटखाली नाही, कायद्यातल्या एका आकड्यात आहे.

आधी यंत्राबद्दल. बाजारात त्याच्या दोन जाती मिळतात. एक ब्लूटूथचा टॅग, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, आत घड्याळात असतो तसा बटन सेल. तो वर्षभर जातो. ॲपलचा एअरटॅग 2021 मध्ये आला, त्याला तीन हजारांच्या पुढे मोजावे लागतात. अँड्रॉइड फोनवर चालणारे टॅग हजार-दीड हजारात येतात. पुष्कळांना वाटतं की हा टॅग उपग्रहाशी बोलतो. तसं नाही. आपण कुठं आहोत हे त्याला स्वतःला कळतच नाही. तो नुसती हाक देत राहतो. जवळून एखादा फोन गेला आणि त्यानं ती हाक ऐकली, तर तो फोन स्वतःचं ठिकाण कंपनीकडे कळवतो आणि ते आपल्याला ठिपका म्हणून दिसतं. एअरटॅगची हाक आयफोन आणि ॲपलचीच इतर यंत्रं ऐकतात. अँड्रॉइड फोनांचं असं जाळं गूगलनं 2024 पासून उभं करायला घेतलं. म्हणजे टॅगचा सगळा खेळ दुसऱ्यांच्या फोनांवर आहे.

दुसरी जात जीपीएसवाली. तिच्यात सिमकार्ड लागतं, रिचार्ज लागतो आणि काही दिवसांनी चार्जिंगही लागतं. मोटरसायकलला स्वतःची बॅटरी असते, तिथं हे जमून जातं. सायकलला बॅटरी कुठून आणायची? शिवाय स्वस्तातली बरीच यंत्रं टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही. आणि उपग्रहाचा संदेश वीस हजार किलोमीटरवरून येतो, अगदी क्षीण असतो. फ्रेमच्या लोखंडी नळीत यंत्र दडवलं तर चोराला सापडत नाही हे खरं, पण उपग्रहालाही सापडत नाही. म्हणून लोक ते सीटखाली, मागच्या लाल रिफ्लेक्टरमध्ये नाहीतर करिअरच्या खालच्या अंगाला बसवतात.

दिवाळीत पुतण्या अँड्रॉइडचा टॅग घेऊन आला. आम्ही तो माझ्या जुन्या सायकलीच्या सीटखाली, स्प्रिंगांच्या मधे, काळ्या चिकटपट्टीनं बांधला. लातुरात फार छान चाललं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, माणसांची नुसती रीघ असते. तिथं दर काही मिनिटांनी ठिपका पुढं सरकायचा. मग आम्ही ती सायकल शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये टाकून रेणापूरच्या पलीकडं माझ्या गावी पाठवली आणि घरी मोबाईल घेऊन बसलो. दुपारी दोन वाजता ठिपका रेणापूरच्या फाट्यावर आला, आणि थांबला. संध्याकाळ झाली, रात्रीचे नऊ वाजले, ठिपका फाट्यावरच. सायकल तर केव्हाच गावात माझ्या भावाच्या गोठ्यात जाऊन उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपका एकदम गावात उगवला. भावाला फोन केला तर म्हणाला, "आत्ताच दुधाची गाडी येऊन गेली."

त्या दिवशी मला या यंत्राचा स्वभाव कळला. ते सायकलीच्या मागं जात नाही, चांगल्या फोनांच्या मागं जातं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथं ते उपयोगी पडेल. पण चोरीची सायकल शहरात राहत नाही. ती शेजारच्या तालुक्यात जाते, एखाद्या वस्तीवर निम्म्या किमतीत विकली जाते, नाहीतर भंगारात तिचे तुकडे होतात. जिथं माणसं विरळ आणि फोन साधे, तिथं ठिपका मुका होतो.

आणखी एक गोष्ट सल्ला देणारे सांगत नाहीत. अशा टॅगांचा वापर करून बायकांचा पाठलाग होऊ लागला, तेव्हा कंपन्यांनी त्यात सुधारणा केली. मालकापासून दूर पडलेला एअरटॅग आठ ते चोवीस तासांत कधीतरी आवाज करतो. मे 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर सूचनाही येते की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय. ही सूचना चोरालाही येणार. चोर सीट उलटी करणार आणि टॅग काढून नाल्यात टाकणार. तरीही ती सुधारणा मागं घ्यावी असं मी म्हणणार नाही. एका बाईची सुरक्षितता शंभर सायकलींहून मोठी आहे. पण मग दडवलेला ट्रॅकर चोरावर नजर ठेवेल ही आशा किती धरायची, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता समजा, सगळं जुळून आलं. सेल चालू, ठिपका ताजा, सायकल अमुक गल्लीत उभी आहे हे दिसतंय. पुढं काय?

पुढं पोलीस ठाणं. आम्ही गेलो होतो. हवालदार भला माणूस होता, त्यानं बसायला सांगितलं, पोरीला पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, सायकल कितीची?"

"घेतली तेव्हा बेचाळीसशेची."

"मग एनसी होते. नंबर आहे का सायकलीचा?"

नंबर नव्हता. पावतीवर नुसतं 'लेडीज सायकल, एक नग' लिहिलेलं. एनसीचा कागद घेऊन आम्ही परत आलो. वाटेत भाचीनं विचारलं, "मामा, एनसी म्हणजे काय?" मी शिक्षक माणूस, पण मला तिला नीट सांगता येईना. घरी येऊन वाचलं.

1 जुलै 2024 पर्यंत आपल्याकडे भारतीय दंड संहिता होती. तिच्यात चोरी ही चोरी होती, दोनशेची असो की दोन लाखांची. पोलिसांना थेट तपास करता यायचा. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 303 मध्ये एक नवी तरतूद आली: चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. त्याच्या जोडीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र, इंग्रजीत नॉन-कॉग्निझेबल म्हणजेच एनसी, ठरवली गेली. आणि त्याच संहितेचं कलम 174 सांगतं की अदखलपात्र गुन्ह्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. म्हणजे आमच्या हवालदारानं हात वर केले नव्हते. त्याचे हात कायद्यानंच बांधलेले होते.

हा पाच हजारांचा आकडा दिल्लीत बसून लहान वाटत असेल. आमच्याकडे तो केवढा आहे ते सांगतो. महाराष्ट्रात 2025-26 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. सोळा दिवस उन्हात माती उपसली तर 4,992 रुपये होतात, म्हणजे पाच हजारांना अजून आठ रुपये कमीच. जी वस्तू घ्यायला बाईला सोळा दिवस राबावं लागतं, तिची चोरी दखल घेण्याजोगी नाही असं कायदा तिला तोंडावर सांगतोय.

आणि मला जे सगळ्यात जास्त लागलं ते पुढंच आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्य सरकार आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे देतं. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, पण जायला-यायला गाडी नसणाऱ्या मुली. या कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच छत्रपती संभाजीनगरात आहे. 2022 मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून वाढवून पाच हजार केली. सरकारनं मुलीच्या हातात दिली पाच हजारांची सायकल, आणि पाच हजारांच्या आतली चोरी कायद्यानं केली अदखलपात्र. दुकानातून बाहेर काढून दोन महिने चालवली की असली कोणतीही सायकल त्या रेषेखाली येते. हे कुणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. दोन वेगवेगळ्या कार्यालयांत दोन वेगवेगळ्या वेळी तोच आकडा लिहिला गेला असेल. पण त्या दोन आकड्यांच्या मधे आमच्या मुली सापडल्या आहेत. सायकल गेली की बापाला दुसरी घेणं झेपत नाही, आणि नववीतल्या मुलीचं पुढचं शिक्षण त्या चार किलोमीटरांवर अडतं. मी हे वर्गात बघितलं आहे. एक दिवस हजेरी घेताना नाव पुकारलं जातं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "सर, तिची सायकल गेली."

या तरतुदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, निम्मं. पोटासाठी पहिल्यांदा चोरी केलेल्या पोराला तुरुंगात टाकून पक्का चोर करण्यापेक्षा त्याच्याकडून दवाखाना झाडून घ्यावा, हे शंभर टक्के योग्य आहे. पण शिक्षा सौम्य असणं वेगळं आणि तपासच न होणं वेगळं. सायकल शोधलीच नाही तर समाजसेवा कुणाकडून करून घेणार? मायेनं वागायचं म्हटलं तरी आधी चोर सापडायला हवा. शिक्षा आहे तीच राहू द्या, पण परिशिष्टातला तो 'अदखलपात्र' शब्द बदला. निदान सायकल त्यातून वगळा. ज्याच्यावर शाळा, दूध, पेपर, मजुरीचं ठिकाण अवलंबून आहे त्या वस्तूचं मोल पावतीवरच्या रकमेनं करता येत नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर आहे त्यातही वाटा आहेत, आणि त्या लोकांना माहीत हव्यात. सायकल घराच्या आतून, नाहीतर वस्तू सांभाळून ठेवायच्या एखाद्या इमारतीतून गेली असेल, तर न्याय संहितेचं कलम 305 लागू होतं आणि तिथं किमतीची अट नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो विकत घेणं हा कलम 317 खाली स्वतंत्र आणि दखलपात्र गुन्हा आहे. इथं मात्र ट्रॅकरचा खरा उपयोग होऊ शकतो. सायकल भंगारच्या दुकानात आहे असं ठिपका दाखवत असेल, तर त्याचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे जावं आणि या कलमाखाली फिर्याद घ्या असा आग्रह धरावा. ज्याची पंधरा-वीस हजारांची गिअरची सायकल आहे, जो शहरात राहतो, त्यानं टॅग जरूर बसवावा. माझा त्याला विरोध नाही.

विरोध आहे तो ठिपका बघून स्वतः निघण्याला. मोबाईलवरचा ठिपका घराचा दरवाजा दाखवत नाही, दहा-वीस मीटर इकडं-तिकडं सहज होतं. दाट वस्तीत तेवढ्यात चार घरं बसतात. आणि ठिपका एखाद्या पालावर, पारध्यांच्या वस्तीजवळ दिसला, तर लोक पुरावा मागत बसतील असं ज्याला वाटतं त्यानं आपली गावं बघितलेली नाहीत. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींच्या कपाळावर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून गेलेला नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, एवढी मोबाईलवरची अफवा पुरली. ती माणसं भिक्षा मागायला आलेली होती. तिथं नुसती अफवा होती. इथं तर हातात नकाशा असेल, त्यावर ठिपका असेल, आणि दहा पोरं मोटरसायकलला किक मारून तयार असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपल्याकडे याहून कमी कारण पुरतं. म्हणून पोलिसांनी दखल घेणं हे सायकलवाल्याच्या हिताचं तर आहेच, ज्याच्यावर संशय येईल त्याच्याही हिताचं आहे. पोलीस जिथं जात नाहीत तिथं जमाव जातो.

दुसरी गोष्ट घरातली आहे, आणि ती बोलायला अवघड आहे. दिवाळीत आम्ही टॅग बांधत होतो तेव्हा भाची शेजारी उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मामा, मी कुठं थांबते तेही यात दिसतं का?" दिसतं. सायकलीत दडवलेला ट्रॅकर चोरी होईपर्यंत चोराचा नसतो, तो चालवणाऱ्या मुलीचा असतो. ती मैत्रिणीच्या रूमवर किती वेळ थांबली, कोणत्या रस्त्यानं आली, ग्रंथालयात गेली की पाणीपुरी खायला, सगळं बापाच्या आणि भावाच्या मोबाईलवर. आमच्या भागात मुलीची शाळा बंद करायला कारण फार मोठं लागत नाही. "कुठं गेली होतीस?" एवढा प्रश्न पुरतो. मुलीला चार किलोमीटर स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेनं जाता यावं म्हणून सायकल दिली, आणि त्याच सायकलीला तिच्या नकळत डोळा बसवला, तर आपण दिलेलं परत काढून घेतलं. टॅग लावायचा असेल तर तिला सांगून, तिला विचारून लावा, आणि जमलं तर तिच्याच फोनला जोडा. भाचीला फोन नाही. तिच्या नव्या सायकलीला आम्ही टॅग लावला नाही.

मग करायचं काय? मला उत्तर मिळालं ते सायकल दुरुस्तीच्या टपरीवर. नवी सायकल घेतली तेव्हा मी मिस्त्रीला म्हटलं, हिचा नंबर कुठं असतो दाखवा. त्यानं सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. पायडलची दांडी जिथून आरपार जाते त्या आडव्या नळीच्या खाली बोट ठेवलं. नव्या सायकलीवर तो स्पष्ट होता. मग त्यानं दुरुस्तीला आलेली एक जुनी सायकल घेतली. तिथं नुसतं ग्रीस आणि वाळलेला काळा चिखल. फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन त्यानं दोन-तीनदा घासलं, आणि चिखलाखालून एक-एक आकडा वर आला. "सर, हा नंबर कुणी लिहूनच ठेवत नाही बगा," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांत विचारणारे तुमीच पयले."

हा नंबर फुकट आहे. त्याला सेल लागत नाही, नेटवर्क लागत नाही, तो मुलीच्या मागं फिरत नाही. आपल्याकडे एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. जुन्या माणसांना तो आठवत असेल. कर नको, पण नोंद हवी. जपानमध्ये 1994 पासून सायकलीची नोंदणी कायद्यानं बंधनकारक आहे, काहीशे येनांत दुकानदारच ती करून देतो. एवढं लांब जायचीही गरज नाही. हरवलेल्या मोबाईलसाठी केंद्र सरकारनं 2023 पासून देशभर संचार साथी पोर्टल चालू केलं. मोबाईलचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा वेगळा क्रमांक, टाकला की फोन बंद करता येतो, शोधताही येतो. मोबाईलच्या नंबराला जी किंमत दिली ती सायकलीच्या नंबराला का देता येऊ नये?

मानव विकासच्या सायकलीची खरेदी पावती शाळेत जमा होते. त्या पावतीवर फ्रेम नंबरचा एक रकाना सक्तीचा केला, तर मराठवाड्यातल्या हजारो सायकलींची नोंद आपोआप तयार होईल. आयुक्तालयाच्या एका परिपत्रकाचं काम आहे. त्या याद्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आणि भंगारवाल्यांच्या संघटनांकडे गेल्या, तर चोरीची सायकल विकत घेणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय राहणार नाही, आणि कलम 317 ला खरी धार येईल. शेकड्यांनी सायकली उभ्या करून फी घेणाऱ्या क्लासवाल्यांनीही दारात एक माणूस आणि टोकन ठेवावं. देवळाबाहेर चपला सांभाळायला माणूस असतो, सोळा दिवसांच्या मजुरीची वस्तू सांभाळायला का नसावा?

आमच्या शाळेत आम्ही जूनमध्ये सुरुवात केली. मुख्याध्यापकांनी शनिवारची एक तासिका दिली. मुलींनी मैदानात ओळीनं सायकली उलट्या केल्या, डबक्यातलं पाणी, जुनी फडकी आणि बाटलीभर पेट्रोल घेऊन बसल्या. एकतीस सायकली होत्या. सव्वीस नंबर वाचता आले, ते हजेरीपटाच्या मागच्या पानांवर मुलीच्या नावासमोर लिहिले आणि प्रत्येकीला तिच्या वहीत लिहून घ्यायला लावलं. पाच सायकलींचे आकडे गंजून गेले होते. त्यांच्यासाठी गावातला वेल्डर पुढच्या शनिवारी पंच आणि हातोडा घेऊन येणार आहे.